मी देव नाही, पाईप आहे

मला दोन तोंडं आहेत, पण मी दुतोंडी नाही. इकडून विचारा नाहीतर तिकडून विचारा, उत्तर एकच येईल. मी देव नाही. मी सिमेंटचा पाईप आहे आणि मला तेच राहायचं आहे.

नेरूळला चार इमारतींच्या मधे एक मोकळी जागा आहे. तिथं बाग होणार असं नकाशात दाखवलंय म्हणतात. सध्या तिथं रुईची झुडपं आहेत, दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या आहेत आणि मी आहे. माझ्या एका कडेला शेंदराचा जुना डाग दिसेल. तो बघून नवीन माणसं हात जोडतात. जोडू नका. आधी ऐकून घ्या.

मला घडवलं ते फिरवून. लोखंडी सळ्यांचा पिंजरा साच्यात ठेवतात, आत ओला माल सोडतात आणि साचा गरागरा फिरवतात. सगळं सिमेंट कडेला जाऊन घट्ट बसतं आणि मधे पोकळी राहते. बाकीच्या वस्तूंची किंमत त्यांच्यात काय आहे यावरून ठरते, माझी किंमत माझ्यात काही नाही यावरून. मला त्याची कधी लाज वाटली नाही.

ट्रकमधून मला इथं आणलं तेव्हा इथं घरं कमी आणि चुन्याच्या रेघा जास्त होत्या. खाडीकडून मिठागरांचा खारा वारा यायचा. पावसाचं पाणी खाडीत सोडायला जमिनीखालून पाईप टाकायचे होते, त्यातलाच मी एक. पण मला उतरवताना दोर सुटला, मी दगडावर आपटलो आणि माझी कड उडाली. मुकादमानं हात फिरवून पाहिलं आणि म्हणाला, हा नको. माझे भाऊ मातीखाली गेले. मी वर राहिलो. येणारेजाणारे म्हणायचे, फुकट गेला बिचारा. फुकट कसा गेलो? माझ्या भावांनी त्यानंतर ऊन पाहिलेलं नाही.

आधी माझ्यात बांधकामावरचं एक जोडपं राहिलं. एका तोंडाला गोणपाट, दुसऱ्या तोंडाशी चूल. समोरच्या इमारती त्यांनीच बांधल्या आणि त्या राहण्याजोग्या झाल्या तेव्हा ते दुसरीकडे बांधायला निघून गेले. मग काही दिवस नेरूळ गावातल्या शेळ्या येऊन बसल्या. मग सामानाचे टेम्पो यायला लागले आणि टेम्पोंतून पोरं उतरली.

मोठी माणसं नवीन घरात गेली की आधी नळ सोडून बघतात. पोरं आधी बाहेर येऊन बघतात, खेळायला काय आहे. इथं माझ्याशिवाय काहीच नव्हतं.

पहिल्याच दिवशी एक मुलगी माझ्या तोंडाशी उकिडवी बसली आणि आत ओरडली, "कोण आहे?" मी माझ्या सवयीप्रमाणे तिचाच आवाज मोठा करून परत दिला. दुसरं मूल हसून पळालं असतं. ही तिथंच बसून राहिली. थोडा विचार करून हळूच म्हणाली, "घाबरू नको. मी कुणाला सांगणार नाही."

संध्याकाळपर्यंत तिनं सगळ्यांना सांगितलं होतं.

तिचं नाव उत्पला. तेव्हा ती दुसरीत होती. वडील रावसाहेब बेलापूरच्या एका ऑफिसात कारकून होते. आई वेणूबाई घर बघायची आणि शिवणकाम करायची. दोघं जालन्याकडच्या खेड्यातले. त्यांचं घर तळमजल्यावर आणि गॅलरी बरोबर माझ्यासमोर, त्यामुळे त्या घरात काय चाललंय हे मला कान न लावता कळायचं.

माझ्यात जो राहतो त्याचं नाव उत्पलानं घुम्या ठेवलं. घुम्या फार लांब होता, म्हणून त्याला अंगाची घडी घालून बसावं लागे. तो खाडीतून चालत आला होता. त्याला ऊन सोसत नसे आणि चिवडा आवडत असे. जगातले सगळे पाईप त्याचे नातेवाईक होते. बाजूच्या इमारतीतला नंदू, म्हणजे नंदकिशोर, तिच्याच वर्गात होता. फार शांत मुलगा. त्याला घुम्या कधीच दिसला नाही, पण तसं तो कधी म्हणाला नाही. आत बसताना घुम्यासाठी जागा मात्र न चुकता सोडायचा.

अशी पोर वाढवणं म्हणजे काय, ते वेणूबाईंना विचारा. गॅलरीतून भाताचं गरम पाणी टाकायला त्या भांडं घेऊन यायच्या आणि मागून ओरड यायची की थांब, घुम्यानं पाय पसरलेत. मग पाय आत घेईपर्यंत त्या माउलीनं भांडं धरून उभं राहायचं. बसमध्ये उत्पला कंडक्टरला घुम्याचं अर्धं तिकीट फाडायला सांगायची. गावाहून रावसाहेबांचे भाऊ आले तेव्हा तिनं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की बाथरूममधल्या पिंपात मगर आहे, पण ती पाहुण्यांना बहुतेक काही करत नाही. ते भाऊ राहिले तितके दिवस आंघोळीचं टाळत होते.

शाळेत तिनं सांगितलं की माझे वडील न्हावा शेव्याला चिखलात रुतलेली जहाजं दोरानं ओढून काढतात. तिकडे बंदराचं काम निघणार अशी चर्चा होतीच, त्यामुळे बाईंना ते पटलं. त्यांनी निरोप पाठवला की उत्पलाच्या वडिलांनी एकदा वर्गात येऊन जहाजांविषयी सांगावं. वेणूबाई डोक्याला हात लावून बसल्या. रावसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत गेले. परत आल्यावर बायकोनं विचारलं, खरं सांगून टाकलंत ना? रावसाहेब बूट काढत म्हणाले की सांगणार होतो, पण पोरं मांडी घालून इतकी शहाण्यासारखी बसली होती की दोन जहाजं काढूनच आलो.

वेणूबाईंनी सगळे उपाय केले. समजावलं, दरडावलं, एकदा धपाटाही घातला. संध्याकाळी भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसवून पंचशील म्हणायला लावलं आणि खोटं न बोलण्याचं शील तर दोनदा म्हणायला लावलं. उत्पला हात जोडून अगदी मनापासून म्हणायची. तिला त्यात अडचण काहीच वाटत नव्हती. ती तिच्या हिशेबानं खोटं बोलतच नव्हती. दिसत होतं ते सांगत होती.

मोठ्यांपैकी एकटी पुतळाबाई तिच्या बाजूची. नेरूळ गावातून ती मासळीची पाटी घेऊन यायची आणि माझ्या सावलीत टेकायची. तिनं एकदा खाडीकडे हात करून सांगितलं, "तुजा घुम्या काल खारीन दिसला. निवट्या खात होता."

उत्पलानं मान हलवली. "तो आमचा नसेल मावशी. आमचा मासे खात नाही. दुसरा कोणतरी असेल."

पुतळाबाई नंतर कितीतरी वेळ एकटीच हसत होती.

इथवर सगळं ठीक होतं. मग नळाचं पाणी गेलं.

नवीन वसाहत होती, पाण्याचा ताण होताच. पण त्या उन्हाळ्यात तळमजल्यावरही करंगळीएवढीच धार यायला लागली आणि तिसऱ्या मजल्यावर तर पाणी चढेनासंच झालं. टँकर यायचा, बायका रांग लावायच्या. रांगेत नंदूची आजी चांगुणाबाई असायची. ती माणदेशातल्या एका खेड्यातून मुलाकडे राहायला आली होती. मुलगा श्यामसुंदर सोसायटीचा सेक्रेटरी. चांगुणाबाईला इथं करमत नव्हतं आणि त्याचं कारण तिनं माझ्या सावलीत बसून पुतळाबाईला कितीदा तरी सांगितलं होतं. तिच्या गावात विहिरीपाशी एक देव होता, वेशीपाशी एक होता, वाटेवरच्या चिंचेखाली एक होता. घरातून निघालं की कुणाच्या तरी पाया पडतच पुढं जायचं. इथं शाळेला जागा ठेवलेली, बाजाराला ठेवलेली, दवाखान्याला ठेवलेली. वाटेत नमस्काराला थांबावं असं काही कुणी ठेवलं नव्हतं.

एका सकाळी उत्पला बादली घेऊन त्या रांगेत उभी होती. तिनं सगळ्यांना सांगितलं की आता काळजी नको. घुम्याला सांगितलंय. तो पायपांतून सरपटत वर जाऊन कुठं अडलंय ते बघणार आहे. उद्या पाणी येईल. बायका हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरचे नळ असे धो-धो सुटले की दोघीतिघींच्या मोऱ्या तुंबल्या. कुठं तरी कुणी तरी एखादा व्हॉल्व्ह दुरुस्त केला असणार. तो कोण, हे आजपर्यंत कुणाला माहीत नाही. चांगुणाबाई मात्र ओल्या केसांनीच खाली उतरली. हातात नारळ होता.

तिनं माझ्या कडेवर नारळ फोडला आणि हळदकुंकू वाहिलं. मला कुणी विचारलं नाही. पुढच्या दिवशी आणखी चौघी आल्या. मग तेलात कालवलेला शेंदूर आला. तो अंगाला बसला की निघत नाही आणि त्याला मुंग्या लागतात, हे मी स्वतःच्या अनुभवानं सांगतो.

रोज सकाळी आत दहीभाताची वाटी यायची. शाळा सुटल्यावर पोरं आत शिरायची आणि वाटी चाटूनपुसून साफ करायची. नंदू घरी दहीभाताला तोंड लावत नसे, तो इथं सगळ्यांच्या आधी हात घालायचा. चांगुणाबाई संध्याकाळी वाटी न्यायला आली की रिकामी वाटी कपाळाला लावायची. नैवेद्य पोचतोय, याहून मोठा पुरावा तो काय पाहिजे?

देवाशी माझं भांडण नाही. पण मला जे ऐकू येतं ते मी तसंच परत देतो, दुसरं मला येत नाही. असल्यानं देवाचं काम कसं करावं? एकीनं वाकून मुलाला नोकरी लागू दे म्हटलं. मीही तिला म्हटलं, मुलाला नोकरी लागू दे. ती खूश होऊन गेली. मी दिवसभर कानकोंडा झालो.

मग पाणी पुन्हा गेलं.

खरं म्हणजे तिथंच सगळ्यांचे डोळे उघडायला हवे होते. झालं उलटं. बायकांनी ठरवलं की देव रागावला. पोरं चपला घालून आत शिरतात, वर चढून नाचतात, मासळीची पाटी त्याला टेकवतात, मग रागावेल नाही तर काय? त्याला नीट जागा करून द्यायला हवी. एक तोंड विटांनी बांधून टाकायचं, आतून पांढऱ्या टाइल्स लावायच्या, दुसऱ्या तोंडाला जाळीचं दार आणि दाराला कुलूप. वर नाव रंगवायचं, श्री घुमेश्वर. आणि पोरांना मज्जाव.

श्यामसुंदरचा देवावर फार विश्वास होता असं नाही. पण पाण्याच्या तक्रारी घेऊन रोज माणसं त्याच्या दारात यायची. ती आता माझ्या दारात यायला लागली होती. त्यानं बायकांना सांगितलं, टेन्शन घेऊ नका, सोसायटी सगळं करेल.

पुतळाबाईनं तिच्या परीनं अडवून पाहिलं. म्हणाली, "आमचे गावान देव हाय, त्याला देऊल हाय. यो पायपान कशाला बसंल?" पण पाटी टेकवणारीच ती, तिचं कोण ऐकतो.

मी सांगतो, मला राग आला होता. कड उडाली तेव्हा आला नव्हता, शेळ्यांनी लेंड्या टाकल्या तेव्हाही नाही. पण पायपाचं एक तोंड बुजवलं की तो पाईप राहत नाही. माझ्यातून वारा जातो, शेळी जाते, पोरगं इकडून शिरून तिकडून निघतं, म्हणून मी मी आहे. पुढं टाइल्स लावा नाहीतर सोनं लावा, कोंडलेल्या जागेला मी माझं नाव देणार नाही.

इकडं दोन बायका वेणूबाईंच्या दारात गेल्या. पोरीला तो दिसतो, तर रविवारी तिला न्हाऊ घालून, कपाळभर कुंकू लावून समोर बसवा, त्याला काय हवंय ते तिच्या तोंडून कळू दे. वेणूबाईंनी त्यांना चहा दिला आणि नाही म्हटलं. दार लावल्यावर त्या रावसाहेबांना जे सांगत होत्या ते गॅलरीतून माझ्यापर्यंत आलं. त्यांची एक मावशी होती. लहानपणी अशीच बडबडी, दिसेल त्याच्या गोष्टी करायची. गावानं ठरवलं की हिच्या तोंडून देवी बोलते आणि तिला देवीला सोडून दिलं. पुढं ती दारोदार मागून खात फिरली. वेणूबाईंच्या लग्नात तिला मांडवाबाहेर बसवून वाढलं होतं. वेणूबाई म्हणाल्या की माझ्या लेकराच्या गोष्टी मला सोसतात, पण त्या गोष्टींच्या पाया पडणारी माणसं मला सोसत नाहीत.

त्यांनी उत्पलाला जवळ घेतलं आणि सांगितलं की उद्या सगळ्यांसमोर जाऊन म्हण, घुम्या नाहीच, मी आपलं उगाच बोलले.

"पण तो आहे ना," उत्पला म्हणाली.

"मग तो देव आहे का?"

"देव कसा असेल? त्याला चारचा पाढा येत नाही."

वेणूबाईंना हसावं की रडावं कळेना. पोर देव आहे म्हणायला तयार नाही आणि नाहीच असंही म्हणायला तयार नाही. तो आहे एवढं ऐकून बायका हात जोडणार. खोटं बोल म्हणावं, तर रोज संध्याकाळी फोटोसमोर काय म्हणायला लावलं होतं?

रविवारी सकाळी गवंडी आला. विटा, रेती आणि सिमेंटची गोणी माझ्याजवळ उतरली. बायका ताटं घेऊन जमल्या. पण त्यांच्याआधी उत्पला, नंदू आणि सगळी पोरं आत येऊन बसली होती, पाय एका भिंतीला, पाठ दुसऱ्या भिंतीला. गवंडी थापी घेऊन उभा राहिला. श्यामसुंदर वाकला आणि गोडीनं म्हणाला की चला बाहेर या, सगळ्यांना चॉकलेट देतो. कुणी हललं नाही. मग त्यानं आवाज चढवला.

"नंदू, बाहेर ये."

"नाही येणार पप्पा," नंदू म्हणाला. "मी इथंच राहतो."

त्या मुलानं कुणाला नाही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी ते जमेल तेवढं मोठं करून बाहेर सोडलं.

श्यामसुंदर ताठ उभा राहिला आणि गॅलरीकडे बघून म्हणाला, "वहिनी, तुमच्या मुलीला समजवा. तिनंच सगळ्यांना आत घेतलंय."

वेणूबाई पदराला हात पुसत आल्या. सगळ्यांना वाटलं, आता दंडाला धरून पोरीला ओढणार. पोरांनाही तेच वाटलं, सगळी आणखी आत सरकली. वेणूबाई माझ्यासमोर क्षणभर उभ्या राहिल्या. मग त्यांनी पदर खोचला, चपला काढायच्या विसरल्या, आणि गुडघ्यांवर रांगत आत शिरल्या.

"सरक," त्या उत्पलाला म्हणाल्या.

"आई, इथं घुम्या बसलाय."

"मग त्याला सरकायला सांग. मी काय अशीच रांगत राहू?"

उत्पला आईकडे बघतच राहिली. आजवर आईनं घुम्याला बसायला, उठायला, कशालाच सांगितलं नव्हतं. तिनं पटकन घुम्याला पलीकडे ढकललं. वेणूबाई टेकल्या. डोकं माझ्या छताला लागत होतं, म्हणून मान वाकडी करून बसल्या.

"आता त्याला एक विचार," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी पाणी आणायला तो खरंच गेला होता का?"

"गेला होता."

"तू नको सांगू. तो सांगेल ते मला सांग."

उत्पलानं तोंड माझ्या भिंतीजवळ नेलं आणि पुटपुटत विचारलं. मी तिचं पुटपुटणं तिला परत दिलं. मला दुसरं काय येतं? ती बराच वेळ कान लावून होती. मग वळली, तेव्हा तिचा चेहरा पार उतरला होता.

"आई, तो गेलाच नव्हता."

"मग?"

"झोपला होता. मला म्हणाला, जाऊन आलो."

"म्हणजे थाप मारली त्यानं?"

"हो." तिचे डोळे भरून आले. "माझ्याशीच मारली."

आत बोललेलं माझ्या दोन्ही तोंडांनी बाहेर जातं, हे त्या दोघी विसरल्या होत्या. बाहेर ताट धरलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पहिली हसली ती पुतळाबाई, पाटी खाली ठेवून हसली. मग गवंडी हसला.

वेणूबाईंनी आतल्या रिकाम्या जागेकडे बोट रोखलं. आपल्या लेकीला दटावायचा जो आवाज होता, त्याच आवाजात म्हणाल्या, "घुम्या, हे लेकरू तुझ्यावर विश्वास ठेवतं. पुन्हा त्याच्याशी खोटं बोललास, तर चिवडा बंद. समजलं का?"

"समजलं म्हणतोय," उत्पला नाक ओढत म्हणाली.

चांगुणाबाई गुडघ्यावर हात टेकून वाकली आणि आत बघायला लागली. "म्हंजी पानी त्यानं न्हवतं आनलं?"

"नाही आजी."

"मग आनलं कुनी?"

"मला काय माहीत. त्याला पण नाही माहीत. तो लहान आहे."

"केवढा?"

"माझ्याएवढाच. फक्त लांब आहे."

चांगुणाबाई मटकन विटांच्या ढिगावर बसली. ती कुणाकडे न बघता बोलायला लागली की गावाकडं पावलापावलाला कुणी तरी होतं. इथं सकाळी दार उघडलं की समोर नुसत्या खिडक्या. हाक मारायची तर कुणाला मारायची? वाटलं होतं, एक तरी आपलं गवसलं.

उत्पला रांगत माझ्या तोंडाशी आली. "यालाच मारा की आजी. तो हाकेला ओ देतो. काम मात्र काही करत नाही."

म्हातारी उठली, माझ्या तोंडाशी वाकली आणि एकदम मोठ्यानं हाक मारली, "गोजरेऽ"

गोजरा ही तिची धाकटी बहीण. नंदूनं मागून सांगितलं की दोघी लहानपणी ओढ्याच्या दोन बाजूंना गुरं राखायच्या आणि अशाच हाका मारायच्या. ती कधीच वारली होती. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मी फक्त हाक घेतली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून परत दिली. चांगुणाबाईनं ऐकलं. पुन्हा हाक मारली, पुन्हा ऐकलं. पदरानं तोंड पुसलं आणि गवंड्याकडे वळली.

"भित घालू नगं. आवाज कोंडंल."

"अगं आई, सोसायटीत ठरलंय," श्यामसुंदर म्हणाला. "माल आलाय, माणूस आलाय."

"ठरलं आसंल. ह्यो काय देव न्हाई. त्यो थापाड्या हाय आन पोरांतला हाय. त्याला ऱ्हाऊ दे पोरांत. तुझ्या पान्याचं तू बघ."

बाकीच्या बायकांनाही मग ते आठवलं. त्या ताटांसकट श्यामसुंदरकडे वळल्या. दुसऱ्या दिवशी तो चार माणसं घेऊन पाण्याच्या कचेरीत गेला, तिसऱ्या दिवशी पुन्हा गेला, आणि पाणी यायला लागेपर्यंत बायकांनी त्याला जायला लावलं. विटा पोरांनी पळवल्या.

चांगुणाबाईनं नारळाच्या शेंडीनं माझा शेंदूर स्वतः घासून काढला. जेवढा आत मुरला तेवढा राहिला. त्यानंतर ती हात जोडून कधी आली नाही. दुपारी कुणी नसताना यायची, एक हाक मारायची आणि जायची. वेणूबाई पुन्हा आत शिरल्या नाहीत, पण गरम पाणी टाकताना एकदा त्यांनी आपणहून विचारलेलं मी ऐकलं, "घेतले का रे पाय आत?" उत्पला तेव्हा शाळेत होती.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. न्हावा शेव्याचं बंदर आता खरंच सुरू झालंय. उत्पला दहावीला आहे, उंच झाली आहे, घाईघाईनं जाते. आता माझ्यात दुसरी पोरं असतात. त्यांनी माझं स्टेशन केलंय. नेरूळला अजून रेल्वे यायची आहे, पण माझ्यातून रोज गाडी सुटते, खांदेश्वरला जाते, आणि उशीर झाला तर मास्तर प्रवाशांनाच रागावतो. कालच एक आई गॅलरीतून ओरडत होती की जेवायला चल, आणि उत्तर आलं की सिग्नल मिळाला नाही.

बागेचं काम आता निघणार आहे म्हणतात. दोन माणसं येऊन माप घेऊन गेली. एकानं मला बुटानं ठोकून बघितलं आणि म्हणाला, ही अडगळ आधी उचलायची. उचला बापडे, क्रेन तुमची आहे. पण मी काही निमूट जाणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. मला देव म्हणून कोंडू दिलं नाही, तसं अडगळ म्हणूनही नेऊ देणार नाही.

मला हलवायला याल तेव्हा आधी गुडघे टेका आणि आत बघा. पोरं बसलेली असतील तर त्यांची परवानगी घ्या. कुणीच दिसलं नाही, तर एक हाक मारा, आत कोण आहे म्हणून विचारा. आणि आतून आवाज आला, तर मला हात लावायचा नाही.